आंब्याच्या नव्या कलमांची पालवी दोरीसारखी वळलीय: तणनाशकाचा फटका की रोग? (कोल्हापूर)

पन्हाळा_आमराई | सोमवार, रात्री ८.४०

मंडळी, केशरची दहा महिन्यांची कलमं आहेत. अंतर ५ बाय ५ मीटर, तांबडी मुरमाड जमीन, ठिबक. पश्चिमेच्या बांधापलीकडं उसाची सुरू (म्हणजे हिवाळ्यात केलेली) लागण आहे, मोठी बांधणी, म्हणजे मातीची भर, अजून व्हायची आहे. आत्ता आलेली पालवी अरुंद, पट्टीसारखी आहे. कडा वर वळून पानाचा द्रोण झालाय, देठ पिळवटलेत, शिरा एकमेकींना समांतर धावल्यासारख्या दिसतात. जुनी पानं मात्र ठणठणीत. बांधालगतच्या दोन ओळींत जास्त, तिसरीत तुरळक, चौथीपासून पुढं काही नाही. दुकानात फोटो दाखवला तर व्हायरस सांगून टॉनिक आणि कीटकनाशक हातात दिलं. अजून मारलेलं नाही. झाडं उपटून नवी लावावीत का?

भोगावती_काठ | सोमवार, रात्री ९.१५

उपटू नका. टॉनिकही मारू नका.

तुम्ही लिहिलेली लक्षणं २,४-डीची, म्हणजे रुंद पानांच्या तणावर मारायच्या तणनाशकाची आहेत आणि सगळ्यात मोठा पुरावा तुमच्याच वर्णनात आहे: बांधाकडून आत कमी कमी होत गेलेलं नुकसान. रोग असा ओळी मोजून येत नाही. औषध वाऱ्यावर आलं की पहिल्या ओळीला जास्त, आत गेल्यावर विरळ. झाडाची पश्चिमेकडची बाजू आणि पूर्वेकडची बाजू वेगळी दिसते का तेही बघा.

दुसरी खूण बांधावर शोधा. पपई, शेवगा, भेंडी, टोमॅटो, कारली, द्राक्षाचा एखादा वेल, अगदी गाजर गवतसुद्धा. वेगवेगळ्या जातीच्या रुंद पानांच्या झाडांना एकाच वेळी तसाच पीळ आला असेल आणि त्यांच्या शेजारची हराळी किंवा मका सरळ उभी असेल, तर शंकेला जागा नाही. आंब्याचा रोग भेंडीला होत नाही.

कागल_रोपवाटिका | सोमवार, रात्री ९.५०

वरच्याशी सहमत, पण खात्री करताना दोन गोष्टी वगळा.

पहिली, फुलकिडे. तेही कोवळी पानं वाकडी करतात. दहापट भिंग घ्या, पान उलटं करून मधल्या शिरेजवळ बघा. खरवडल्यासारखे रुपेरी-तपकिरी चट्टे असतील, कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकल्यावर बारीक पिवळसर किडे पळत असतील तर फुलकिडे. २,४-डीच्या पानावर खरवड नसते, पृष्ठभाग स्वच्छ असतो.

दुसरी, गुच्छरोग, ज्याला मालफॉर्मेशन म्हणतात. लहान कलमांत शेंड्यावर जाड, आखूड, बारीक पानांचा झुपका येतो, पेरं अगदी जवळजवळ. तो बागेत कुठंही एखाद-दुसऱ्या झाडावर येतो आणि महिनोन् महिने वाढत जातो. बांधाला धरून एका आठवड्यात दोन ओळी धरत नाही.

शिरोळ_काळीमाती | मंगळवार, सकाळी ६.३०

आमच्याकडच्या चुनखडीच्या, चोपण जमिनीत तिसरी फसगत होते ती झिंकच्या कमतरतेची. पान लहान, अरुंद, शिरांमध्ये पिवळं. ग्लायफोसेट या तणनाशकाचा फटका आणि झिंकची कमतरता शेजारी ठेवली तर भल्याभल्यांची चूक होते. पडताळायला सोपा प्रयोग: पाच झाडं निवडा, लिटरला झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विरलेला चुना २.५ ग्रॅम, गाळून, फक्त त्या पाचांवर फवारा. पुढच्या पालवीत पान रुंद आणि हिरवं आलं तर झिंक. काहीच फरक नाही तर तणनाशक धरून चाला. चुना विसरू नका, नुसत्या झिंक सल्फेटनं कोवळं पान करपतं.

आणखी एक. जुन्या पानांच्या कडा करपल्या की लोक सरळ ॲट्राझीन या तणनाशकावर ढकलतात. खारवट पाण्यानंही कडा करपतात. पाण्यानं करपलेलं टोक थेट तपकिरी होतं. ॲट्राझीन किंवा मेट्रिब्युझिन मुळातून आलं असेल तर आधी कडेनं आणि शिरांच्या मध्ये पिवळं पडतं, मग करपतं. ते दिसतंही फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पाण्यानंतर किंवा पावसानंतर.

भोगावती_काठ | मंगळवार, सकाळी ७.२०

चांगला विषय निघालाय, तर कुठल्या औषधाचा मार कसा दिसतो ते एकदा नीट लिहितो. उपाय त्यावरच ठरतो.

२,४-डी: फवारणीच्या दिवशी जी पानं उमलत होती तीच बिघडतात. पिकलेल्या पानांना काही होत नाही. देठ आणि कोवळा शेंडा एक-दोन दिवसांत मुरगळतो, पानाचा पट्टा झालेला नंतर दिसतो. मात्रा थोडी असेल तर पुढची पालवी जवळजवळ सरळ येते.

पॅराक्वाट: जिथं थेंब पडला तिथंच गोल, कागदासारखा वाळलेला डाग. उन्हात एका दिवसात दिसतो. झाडात पसरत नाही, नवी पालवी स्वच्छ. अपवाद एकच: कोवळ्या हिरव्या खोडाला सगळीकडून लागलं तर साल बांगडीसारखी गोल भाजते आणि वरचं झाड वाळतं.

ग्लुफोसिनेट: पॅराक्वाटसारखंच, फक्त चार-पाच दिवस उशिरा आणि आधी पिवळेपणा.

ऑक्सिफ्लोरफेन: कोवळ्या पानांवर बारीक लालसर-तपकिरी ठिपके, कधी पानाला भोकं. दिसायला करपा रोगासारखं. एक पालवी जाते, झाड जात नाही.

ड्युरॉन: मुळातून येतं. यात बहुधा शिराच पिवळ्या पडतात, शिरांमधला भाग हिरवा राहतो. ॲट्राझीनच्या बरोबर उलट. हे लक्षात ठेवलं तर अर्धं काम होतं.

मक्यातली टेंबोट्रिओन, टोप्रामेझोन: कोवळं पान पांढरं किंवा फिकट गुलाबी पडतं, भिजवून रंग काढल्यासारखं. असं पांढरं करणारी औषधं थोडीच, क्लोमॅझोन त्यातलंच एक.

ग्लायफोसेट: फळबागेत सगळ्यात घातक हेच, कारण ते लपतं. हिरव्या सालीतून, खुंटावरच्या (कलमाच्या जोडाखालच्या भागावरच्या) फुटव्यातून, लोंबणाऱ्या खालच्या पानातून आत जातं आणि अन्नरसाबरोबर शेंड्याला आणि मुळाला जाऊन बसतं. झाड विश्रांतीत असेल तर काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी पालवी फुटली की सुईसारखी बारीक, पिवळी पानं, एकाच डोळ्यातून आठ-दहा फुटवे, केरसुणीसारखा झुपका. पुढच्या हंगामातही तेच. म्हणून शेतकरी म्हणतो "मी तर तीन महिन्यांत काही मारलं नाही". मारलेलं असतं, तीन महिन्यांपूर्वी.

आजरा_काजू | मंगळवार, दुपारी १.०५

ग्लायफोसेटबद्दल एक भर. कोल्हापुरात उसाचा खोडवा मारायला, विना नांगरणीसाठी ते घराघरात असतं, म्हणून ते बागेतही निर्धास्त वापरलं जातं. भारतात लेबलवर त्याला मान्यता चहामळ्याला आणि बिगरपीक क्षेत्राला आहे. आंबा, काजू, डाळिंब लेबलवर नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता मर्यादित केला. बाग बिघडल्यावर तक्रार करायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच येईल.

काजूला आणि डाळिंबाला बुंध्यातून धुमारे फुटतात, पेरूला मुळातूनही. हे धुमारे म्हणजे औषध आत न्यायची नळी. काही जण फवारणीच्या सकाळी ते छाटतात. ताज्या जखमेवर फवारा उडाला की नुकसान आणखी वाढतं. फवारायचंच असेल तर धुमारे निदान तीन-चार आठवडे आधी काढा, जखम सुकू द्या. आंब्याच्या कलमात जोडाखालचे खुंटाचे फुटवे तर नाहीतरी काढायलाच हवेत.

केळी आणि पपई: यांचं खोड कधीच जून होत नाही, हिरवंच राहतं. यांच्याजवळ आंतरप्रवाही, म्हणजे झाडात आत पसरणारं, तणनाशक नाही म्हणजे नाही. केळीच्या एका पिलाला ग्लायफोसेट लागलं तर तेच कंदातून आईला जातं.

नोझल_आणि_पंप | मंगळवार, रात्री ८.१०

नुकसान बहुतेक वेळा औषधापेक्षा फवारणीनं होतं.

उसात आता एचटीपीला (जास्त दाबाच्या फवारणी पंपाला) गन लावून २,४-डी मारतात. दाब इतका की थेंबाची धूळ होते, आणि धूळ दोन शेतं ओलांडते. तणनाशकाला गन नको, कीटकनाशकाचं हॉलो कोन नोझलही नको. फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, ज्याला आपण कट नोझल म्हणतो, दाब एक ते दीड बार, नोझल जमिनीपासून दीड फूट. डबल मोटरचा बॅटरी पंप असेल तर एकच मोटर चालवा.

वारा: बारीक गवताची पाती हलतील इतका चालतो, ताशी ३ ते १० किलोमीटर. फांद्या हलायला लागल्या की थांबायचं. आता उलटं सांगतो, ते फार कमी लोक पाळतात. अगदी पडलेला वाराही धोक्याचा. हिवाळ्यात पंचगंगेच्या खोऱ्यात पहाटे गुऱ्हाळाचा धूर वर न जाता शेतावर आडवा पसरतो ना, त्या वेळी बारीक थेंब तसेच आडवे तरंगत जातात आणि भलतीकडंच उतरतात. धूर सरळ वर चढायला लागल्यावर फवारा.

आणि २,४-डीचे प्रकार तीन. सोडियम सॉल्ट ८० टक्के पावडर, अमाइन सॉल्ट ५८ टक्के, इथाइल ईस्टर ३८ टक्के ईसी. ईस्टरची वाफ होते. एप्रिल-मेच्या उन्हात फवारणी संपल्यावरही काही तास वाफ उठत राहते, वारा दुपारी फिरला की ती बागेत. बाग, द्राक्षं, भाजी शेजारी असताना ईस्टर वापरणं चूकच. शेजाऱ्यांशी बोलताना "तणनाशक मारू नका" म्हणण्यापेक्षा "ईस्टर नको, अमाइन किंवा सोडियम घ्या, आणि गन नको" एवढं म्हटलं तर ते ऐकतात.

पन्हाळा_आमराई | मंगळवार, रात्री ९.००

भिंगातून बघितलं, खरवड नाही, किडे नाहीत. बांधावरच्या पपईला आणि शेवग्याला तोच पीळ आहे, शेजारची वैरणीची मका सरळ. उसात गेल्या आठवड्यात २,४-डी मारलं होतं हेही कळलं. आता नेमकं काय करू? शेंडे छाटून टाकू का? गुळाचं पाणी मारा असंही एकानं सांगितलं.

कागल_रोपवाटिका | मंगळवार, रात्री ९.३५

छाटा. पिळवटलेला शेंडा खाली चांगल्या डोळ्यापर्यंत काढला की औषधही निघून जातं आणि नवी फूट लवकर येते. कपाशीत हेच सांगतात.

भोगावती_काठ | मंगळवार, रात्री १०.१०

दादा, कपाशीचं गणित इथं लावू नका. कपाशीला हंगाम संपायच्या आत बोंडं धरायची असतात. आंब्याच्या कलमाला घाई नाही. आठवडाभरात औषध शेंड्यात जितकं जायचं तितकं गेलेलं असतं. वाकडं पानही अन्न बनवतं. दहा महिन्यांच्या कलमाला पानंच किती, त्यातली निम्मी कापली तर झाड आणखी मागं पडतं, आणि मेमध्ये उघडी पडलेली साल उन्हानं भाजते. पुढची पालवी येऊ द्या. ती सरळ आली तर छाटणीची गरजच नाही. शेंडा वरून वाळत आला तर नखानं साल खरवडा, हिरवं लागेल तिथून अर्धा इंच खाली छाटा आणि बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

गुळाचं पाणी, ताक, ह्युमिक, काहीही आत गेलेलं औषध बाहेर काढत नाही. पाण्याचा उपयोग फक्त पहिल्या काही तासांत. आपल्याच हातून ग्लायफोसेट झाडावर उडालं तर लगेच स्वच्छ पाण्यानं पान आणि खोड धुवा, भिजलेली खालची पानं तोडून टाका. ते शोषायला चार-सहा तास घेतं, तेवढी संधी असते. पॅराक्वाट अर्ध्या तासात बसतं, तिथं ही संधी जवळजवळ नाही.

तुमच्या झाडांना आत्ता एवढंच: ठिबकचं पाणी थोडं थोडं पण चुकवू नका. युरियाची मोठी मात्रा देऊ नका, जोमानं वाढणारा शेंडा उरलेलं औषध ओढतो. पश्चिमेकडून पोत्याचा आडोसा करा. निकाल दुसऱ्या पालवीवर लावा. पहिली थोडी वाकडी आली तरी घाबरायचं नाही. दुसरीही सुईसारखी आली तर ते झाड बदला.

कागल_रोपवाटिका | मंगळवार, रात्री १०.३०

दहा महिन्यांच्या झाडाला पानं कमी हा मुद्दा पटला. छाटणी मागं घेतो. जून खोडाच्या झाडाला चालेल, याला नको.

शिरोळ_काळीमाती | बुधवार, सकाळी ६.१५

एक तपासणी अजून करून टाका, म्हणजे मातीचा संशय उरणार नाही. बाधित ओळीतल्या आळ्यातली वरची १५ सेंटिमीटर माती घ्या, आणि बागेच्या दुसऱ्या टोकाची घ्या. चार-चार कुंड्या भरा. काकडी, मोहरी आणि सोयाबीन पेरा, पाणी सारखं द्या, तीन आठवडे बघा. ॲट्राझीन असेल तर काकडी आणि सोयाबीन उगवून पहिल्या पानांनंतर कडेनं पिवळं पडतं. हॅलोसल्फ्युरॉन, म्हणजे लव्हाळ्याचं औषध, असेल तर मोहरी खुजी राहते. ज्वारी-मका पेरून उपयोग नाही, त्यांना ॲट्राझीन पचतं. आणि आमच्यासारख्या जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत ही दोन्ही औषधं जास्त काळ टिकतात, हे ऊस मोडून बाग लावणाऱ्यांनी आधी बघावं.

आजरा_काजू | बुधवार, दुपारी १२.४०

उताराच्या जमिनीत हवेपेक्षा पाणी जास्त दगा देतं. वरच्या उसात ॲट्राझीन किंवा मेट्रिब्युझिन मारलं, दोन दिवसांत वळीव झोडपून गेला, की सगळं खालच्या आळ्यात. आळं म्हणजे वाटीच. तांबड्या मातीत सेंद्रिय भाग कमी, औषध धरून ठेवणारं काही नसतं, सरळ मुळापर्यंत उतरतं. वरच्या बाजूला फूटभर खोल चर आडवा काढून पाणी बाजूला वळवा. आळं पावसाळ्यात उघडं वाटीसारखं न ठेवता मातीची भर देऊन उंच करा.

पन्हाळा_आमराई | बुधवार, रात्री ८.२०

कुंड्या आज भरल्या. आता माझ्याच बागेचं विचारतो. भांगलणीला माणूस मिळत नाही. ओळींच्या मध्ये तणनाशक मारायचं झालं तर किती लांबून, किती प्रमाणात?

नोझल_आणि_पंप | बुधवार, रात्री ९.२५

पहिली तीन वर्षं, खोडाची साल हिरवी आहे तोवर, आळ्यात कुठलंही तणनाशक नाही. आळं हातानं आणि आच्छादनानं. फक्त मधला पट्टा फवारायचा.

तुमचं ५ मीटर अंतर. झाडापासून दोन्हीकडं १-१ मीटर सोडा, मधे ३ मीटर उरतो, म्हणजे क्षेत्राच्या ६० टक्के. एकर ४००० चौरस मीटर धरला तर फवारायचं क्षेत्र २४०० चौरस मीटर. चूक इथंच होते: लोक एकराचं औषध घेऊन सगळं पट्ट्यावर ओततात.

आधी साध्या पाण्यानं मोजा. १०० चौरस मीटर आखा, नेहमीच्या चालीनं फवारा, किती लिटर गेलं बघा. समजा ५ लिटर गेलं. मग २४०० ला १२० लिटर, म्हणजे १५ लिटरचे ८ पंप. लेबलवर एकरी १ लिटर मात्रा असेल तर पट्ट्याला ६०० मिली, पंपाला ७५ मिली. "पंपाला शंभर मिली" हे डोळे झाकून प्रमाण चुकीचं आहे, कारण एकाची चाल दुसऱ्याच्या दुप्पट असते.

नोझलला हुड, म्हणजे थेंब अडवणारी टोपी, लावा. तरीही खोडाला आडोसा हवा: चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा उभा चिरून, फवारणीपुरता घालून नंतर काढायचा. कायम ठेवला तर आत उष्णता कोंडते आणि वाळवी लागते.

पंप वेगळा ठेवा. २,४-डी मारलेला पंप बागेत कीटकनाशकाला वापरणं हे अर्ध्या "व्हायरस"चं मूळ आहे. रबरी नळी आणि वॉशर ते धरून ठेवतात. नाइलाजच असेल तर तीन पाण्यानं धुवा, मग १५ लिटरला १५० ग्रॅम धुण्याचा सोडा, थोडं नळीतून-नोझलमधून सोडून रात्रभर भरून ठेवा, सकाळी पुन्हा दोनदा धुवा. शेवटचं पाणी टोमॅटोच्या किंवा घेवड्याच्या रोपावर मारून तीन दिवस बघा. पीळ आला तर तो पंप बागेत आणायचा नाही. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नका. आणि पॅराक्वाटला उतारा नाही, ते कधीही पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका.

आजरा_काजू | बुधवार, रात्री ९.५०

आळ्यात पाचट घाला. दाबून चार-सहा इंच थर, दीड-दोन फुटांच्या त्रिज्येत, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी. खोडाला पाचट टेकलं की बुंधा कुजतो आणि वाळवी चढते. थर पातळ घातला तर लव्हाळा त्यातून वर येतोच, तो खुरप्यानं गाठीसकट काढावा लागतो.

शिरोळ_काळीमाती | गुरुवार, सकाळी ६.४०

शेजाऱ्याशी गोडीनं मिटलं तर उत्तम. नाही मिटलं तर कागद लागतो आणि तो वेळेत लागतो. तारखेचे फोटो: पूर्ण ओळ, एक झाड, एक पान, बांधावरची पपई, पलीकडचा ऊस. फवारणीची तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज, पोच घ्या, पंचनाम्याची मागणी करा. पानाचा नमुना शक्य तितक्या लवकर, कागदी पिशवीत, थंड ठेवून. बाधित आणि निरोगी दोन्ही, हातमोजे बदलून. निदानासाठी शेंडा पार्कचं संशोधन केंद्र किंवा कणेरीचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. जाताना फांदी न्या, नुसता मोबाइलचा फोटो पुरत नाही.

पन्हाळा_आमराई | गुरुवार, रात्री ८.०५

बोलणं झालं. पुढच्या वेळी अमाइन, पंपाला कट नोझल आणि आधी फोन, एवढं ठरलं. बांधाला काही लावून आडोसा करावा म्हणतो. शेवरी चालेल का?

भोगावती_काठ | गुरुवार, रात्री ८.४५

शेवरी रुंद पानाची, २,४-डी आलं की आधी तीच जाईल. नेपियर लावा. गवतवर्गातलं असल्यानं २,४-डी त्याला बाधत नाही, थेंब अडवतं आणि वैरणही होते. दोन ओळी, तीन फूट अंतरावर, ठोंब तिरपे. आंब्याच्या पहिल्या ओळीपासून निदान आठ फूट लांब, नाहीतर पाणी आणि खत तेच ओढेल. मधे एक फूट खोल चर काढून मुळं तोडत राहा. कापताना दोन्ही ओळी एकदम कापू नका. एक कापली की दुसरी उभी पाहिजे, आणि उसाच्या फवारणीच्या दिवसांत दोन्ही डोक्याएवढ्या असू द्या.